आत्तीची पद्मिनी

आत्तीला बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही. कप हातात घेऊन ती घरभर फिरायची. एक घोट ओट्यापाशी, दुसरा खिडकीत, तिसरा जिन्यात. कप शेवटी कुठं सापडेल याचा नेम नसायचा. एकदा तो गल्लीच्या टोकाला रिक्षा स्टॉपच्या बाकावर राहिला, तर रिक्षावाल्यानं धुऊन आणून दिला. मामा, म्हणजे तिचे यजमान, खुर्चीत शब्दकोडं सोडवत बसलेले असायचे. कप हातात घेऊन म्हणाले, "हिची बशी तेवढी आयुष्यभर घरात राहिली."

आत्ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. हातकणंगल्याच्या आमच्या घरातून लग्न होऊन ती कोल्हापुरात राजारामपुरीत आली. तिची सख्खी भाची मी एकटीच, पण आत्ती ती सगळ्या गल्लीची होती. बोलणं मात्र गावाकडचंच राहिलं. आमच्या भागात बायकाही "मी आलो, मी गेलतो" असं बोलतात. मी कॉलेजात जाऊन "मी आले" म्हणायला शिकले. आत्तीला तशी गरज कधी वाटली नाही.

तिचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. माझ्या आजोबांनी माझ्या वडिलांना जीप शिकवायला एक माणूस ठेवला होता, तेव्हा आत्ती सोबत म्हणून मागच्या सीटवर बसायची. वडिलांच्या आधी तीच शिकली. लग्नानंतर तिनं शिवणकाम करून पाहिलं, भिशी चालवून पाहिली, शेजारणींबरोबर मसाले कुटून विकले, पण कशातच जीव रमेना. मग एक दिवस एक जुनी पद्मिनी गाडी दारात आणून उभी केली, डावीकडच्या सीटपुढं जादा क्लच आणि ब्रेक बसवून घेतले आणि फाटकावर पाटी रंगवली. मामांना ही बातमी संध्याकाळी कचेरीतून आल्यावर पाटी वाचून कळली. ते सांगायचे, "मी आधी पाटी वाचली, मग तिचं शुद्धलेखन तपासलं, आणि मग घरात गेलो."

शिकायला बायकाच जास्त यायच्या. डॉक्टरीणबाई यायच्या, दूध संस्थेत नोकरी करणाऱ्या यायच्या, सासूला न सांगता आलेल्या सुना यायच्या. शिकणारी उजवीकडं, आत्ती डावीकडं, आणि आत्तीचा पाय कायम त्या जादा ब्रेकच्या जरा वर तरंगत असलेला. क्लच सोडायला कुणी घाबरली की म्हणायची, "सोड. सोड की. देव काय रस्त्यात झोपलेला न्हाय." मीही तिच्याकडंच शिकले. मी राजारामपुरीतच राहते, तिथल्याच एका क्लासमध्ये गणित शिकवते आणि मुळातच प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारी आहे, त्यामुळं तिच्या हाताखालून गेलेली सगळ्यांत संथ विद्यार्थिनी मीच असणार. विद्यापीठाच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर ती एकदा मला म्हणाली, "वर्षे, मागं बघ. बैलगाडी हॉर्न वाजवाय लागलीया."

पुढं स्कूलसाठी नव्या छोट्या गाड्या आल्या आणि पद्मिनी घरामागच्या मोकळ्या जागेत ताडपत्रीखाली गेली. कितीतरी पावसाळे ती तिथंच उभी होती. उंदरांनी सीटमधला काथ्या काढून नेला, खालच्या पत्र्याला भोकं पडली. मामा भंगारवाल्याचं नाव काढायचे आणि आत्ती विषय बदलायची.

आत्ती साठीला पोचली त्या वर्षी तिनं पेपरात एक बातमी वाचली. जुन्या गाड्यांची हौस असलेल्या काही मंडळींनी कोल्हापूरहून गगनबावड्याच्या घाटानं कोकणात उतरायचं आणि फोंडा घाटानं परत यायचं, अशी रॅली ठरवली होती. पेपर घेऊन ती घरभर फिरत मोठ्यानं वाचत होती. "जुन्या सलून गाड्यांचा येगळा गट हाय बघा."

"सलूनची कसली शर्यत?" मामा कोड्यातून डोकं न काढता म्हणाले. "कोण आधी दाढी करतंय ती?"

"चार दाराच्या, बंद टपाच्या गाडीला सलून म्हणत्यात. आपली पद्मिनी सलूनच की."

"आपली पद्मिनी उंदरांची चाळ आहे."

आत्ती मागच्या दारानं बाहेर गेली आणि ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मी योगायोगानं त्या सकाळी तिथं होते. तिच्या मागोमाग गेले, तर ती गंजलेल्या दारावर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "वर्षे, आयुष्यभर डावीकडं बसलो. गाडी कायम दुसऱ्याच्या हातात आणि माझा पाय ब्रेकवर. एकदा उजवीकडं बसून लांब जातो." स्वतःसाठी काही हवं असं तिनं त्याआधी कधी मला सांगितल्याचं आठवत नाही.

रॅलीचे नियम मी वाचून दाखवले. ही वेगाची शर्यत नव्हती. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकड्याला सरासरी वेग ठरवून दिलेला असतो, आणि वाटेत कुठंतरी झाडाखाली लोक घड्याळं घेऊन बसलेले असतात. ठरल्या वेळेला त्यांच्यापुढून जायचं. उशिरा गेलं तर दंडाचे गुण, लवकर गेलं तरी दंडाचे गुण.

"लवकर पोचणाऱ्याला बी दंड?" आत्ती चालता चालता थांबली. "ही कसली रीत?"

"म्हणून तर शेजारी हिशेब करणारं माणूस लागतं."

"मग तू हाईस की," ती म्हणाली आणि माझा होकार झाला असं धरून दत्तूमिस्त्रीला फोन लावायला गेली.

दत्तूमिस्त्रीचं गॅरेज उद्यमनगरात. त्यानं गाडी पाहिली, बोटानं खालचा पत्रा दाबला, बोट आरपार गेलं. "आत्ती, हिला दुरुस्त करायचं न्हाय, परत जन्माला घालायचं," तो म्हणाला. आणि तसंच झालं. गाडी सुटी सुटी केली. दारं एका भिंतीला, काचा दुसऱ्या भिंतीला, मधे नुसता सांगाडा. सडलेला पत्रा कापून नवा जोडला. इंजिन उघडून सिलिंडर घासून मोठे केले, नवे पिस्टन घातले. घाटात दगड लागू नये म्हणून इंजिनाखाली जाड पत्र्याचं ताट बसवलं. गाडी उलटलीच तर टप चेपू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा केला. बाहेरून मात्र ती कारखान्यातून निघाली तशीच दिसायला हवी होती. नियमच होता तो.

हे सगळं होईपर्यंत आत्तीनं त्या गॅरेजला जगू दिलं नाही. सकाळचे धडे आटोपले की ती तिथं हजर. वेल्डिंग चाललं असेल तर पलीकडं उभी राहून "झालं का" विचारायची. रंग वाळत असेल तर रंगाभोवती फेऱ्या मारायची. शेवटी दत्तूमिस्त्री हात जोडून म्हणाला, "आत्ती, तुमी घरला जावा. गाडी लौकर हुईल."

"मी काय धरून ठेवलंय तुला?"

"तुमी आलासा की माझी पोरं पळाय लागत्यात. पळत पळत बोल्ट न्हाय बसत."

ती बाहेर गेली. रस्ता ओलांडून समोरच्या टपरीपाशी उभी राहून तिथून बघत राहिली.

काम निम्म्यावर आलं तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, "हे डावीकडचे पेडल काय करू? ठेवू?"

"काढ. आता डावीकडं वर्षा बसणार. हिच्या पायात ब्रेक दिला तर गाडी हातकणंगल्यापातूर बी जायची न्हाय."

एक गोष्ट मात्र काही केल्या मिळेना. मूळचं पांढरट रंगाचं स्टीअरिंग, तडा न गेलेलं. आत्तीला ते कुणाकडून कळलं कोण जाणे, पण निपाणीत एका वड्याच्या गाड्यावर तसलं स्टीअरिंग शोभेला टांगलेलं होतं. आम्ही दोघी गेलो. गाडेवाला म्हणाला, "आक्का, ते इकायचं न्हाय. माझ्या बापाच्या टॅक्सीचं हाय." आत्तीनं घासाघीस केली नाही. दोन वडे घेतले, गाड्यापाशी उभ्या उभ्या खाल्ले आणि तळणीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या सुनेशी बोलायला लागली, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात. सुनेला गाडी शिकायची होती. घरात टेम्पो होता, पण चालवायला माणूस ठेवावा लागायचा. पुढचे कितीतरी रविवार आत्ती पहिल्या बसनं निपाणीला गेली आणि टेम्पोवर तिला शिकवून आली. ज्या दिवशी सुनेनं एकटीनं टेम्पो बाजारात नेऊन परत आणला, त्या दिवशी सासऱ्यानं खुर्चीवर चढून स्टीअरिंग खाली उतरवलं. ते मांडीवर घेऊन आत्ती बसनं परत आली. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ड्रायव्हर बदलायचा इचार हाय व्हय?"

रॅलीला थोडेच आठवडे राहिले असताना गाडी रस्त्यावर आली. फिकट निळा रंग, चकचकीत पट्ट्या, आणि आत तो पिंजरा. पहिल्या दिवशी आत्तीनं मला रंकाळ्याला वळसा घालून आणलं. स्टीअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर ती दोन बोटांनी टाकत होती. मी तिला इतकी वर्षं गाडीतच बघत आले होते, पण अशी नव्हती पाहिली. शिकवताना तिचा चेहरा सावध असायचा. आता तो सैल पडला होता. रोज पहाट झाली की ती माझ्या दाराशी येऊन हॉर्न वाजवायची आणि आम्ही कधी कळे गावापर्यंत, कधी राधानगरीच्या रस्त्याला जाऊन यायचो. मी मांडीवर घड्याळ आणि कागद घेऊन सांगायची, "आत्ती, आपण लवकर आहोत." ती म्हणायची, "व्हय," आणि वेग तसाच ठेवायची.

एका सकाळी परत येताना राजारामपुरीतल्याच एका कोपऱ्यावर डावीकडच्या बोळातून दूधवाला मोटारसायकल घेऊन आला. दोन्ही बाजूंना किटल्या, नेहमीचा माणूस. मला तो लांबूनच दिसला होता. गाडीचा वेग कमी होईना म्हणून मी म्हणाले, "आत्ती, दूधवाला."

"कुठं?" आत्ती म्हणाली.

तो अगदी डाव्या दिव्याजवळ आला होता. मी ओरडले, तिनं ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण पुढच्या बंपरचं टोक त्याच्या किटलीला लागून तो आडवा झाला. त्याचं कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. दूध रस्त्याच्या कडेनं वाहत गेलं. आत्ती उतरून त्याला उठवायला गेली. तो कपडे झटकत, रागापेक्षा नवलानंच म्हणाला, "काय आत्ती, दिसलो न्हाय व्हय मी?"

सहज विचारलं होतं त्यानं. आत्ती त्याच्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाय. न्हाय दिसलास."

त्यानंतर तिनं गाडीची चावी काढून माझ्या हातात दिली. घरापर्यंतचा तेवढासा रस्ता मी चालवला. त्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं एक तपासणी असते. पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून समोर बघायचं आणि कडेला कुठं बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी शेजारच्या खोलीत बसून बटणाचा आवाज ऐकत होते. तो फार कमी वेळा येत होता.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी काही लपवलं नाही. काचबिंदू होता आणि तो बराच आधीपासून होता. समोरचं अजून चांगलं दिसत होतं, म्हणून आत्तीला कळलं नव्हतं. कडेची नजर मात्र दोन्ही बाजूंनी आत येत चालली होती. गेलेली परत येणार नव्हती. थेंब घालून उरलेली राखायची.

"गाडी?" आत्तीनं विचारलं.

"गाडी आता चालवू नका."

"रॅली हाय माझी."

"दुसऱ्या कुणालातरी चालवू द्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "आज तुम्हाला एक माणूस दिसला नाही ना?"

आत्तीनं मान हलवली आणि उठली. जिना उतरताना तिनं कठडा धरला नाही. मी धरायला हात पुढं केला तर तिनं तो बाजूला केला.

त्या आठवड्यात ती चालत राहिली. कधी टाऊन हॉलपर्यंत, कधी विद्यापीठापर्यंत, उन्हातान्हात. शिकणाऱ्या बायकांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं आणि तिच्याच हाताखाली शिकून शाहूपुरीत स्कूल काढलेल्या एका बाईकडं त्यांना सोपवलं. फाटकावरची पाटी स्क्रू काढून उतरवली. लायसन मामांपुढं ठेवून म्हणाली, "हे कपाटात ठेवा. मी मागितलं तरी द्यायचं न्हाय."

मामा म्हणाले, "तू मागितलंस तर मला नाही म्हणता येईल असं तुला वाटतं?"

तिनं जरा विचार केला आणि लायसन माझ्याकडं दिलं.

मला वाटलं, आता रॅली संपली. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ती खिडकीपाशी उभी होती. "का? गाडीला काय झालंय? गाडी चालव तू."

"मी?"

"तू भित्रट हाईस. सगळं दोनदा बघतीस. या खेळाला तसलंच माणूस लागतंय. मी चालवली असती तर गगनबावड्याला सगळ्यांच्या आधी पोचलो असतो आणि हारलो असतो." मग तिनं खिडकीची कडी उगाचच काढली आणि लावली. "मी बसतो डावीकडं. सवय हाय मला."

आता हिशेब तिला शिकायचे होते. मी वर्गात घेते तशी वही उघडून तिला खुर्चीत बसवलं. ती उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. शेवटी मी खुर्चीत आणि ती स्वयंपाकघरातून दारापर्यंत फेऱ्या मारत, असा आमचा वर्ग चालायला लागला. अमुक वेगानं तमुक अंतर, तर घड्याळात किती. मामा कोड्यातून मधेच चुकीचं उत्तर टाकायचे आणि ती जाता जाता ते दुरुस्त करायची. एका आठवड्यात ती माझ्यापेक्षा लवकर सांगायला लागली. आणि समोर धरलेलं घड्याळ तिला स्वच्छ दिसत होतं.

रॅलीच्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मैदानावर कुठून कुठून आलेल्या जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. गळ्यात रुमाल बांधलेले पुण्याचे लोक होते, तयार मेकॅनिक बरोबर आणलेले होते. मामा मफलर गुंडाळून आले होते. त्यांनी आम्हाला हात केला आणि आत्तीकडं वाकून म्हणाले, "वर्षाला घाई करायला लावू नको."

कळ्यापर्यंत ऊस आडवा आला. हंगाम चालू होता. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चालले होते आणि ओलांडायला जागा नव्हती. मला वाटलं, आत्ती आता पेटणार. पण ती घड्याळ बघून सांगत राहिली. "उशीर झालाय. थोडाच. आता मोकळा रस्ता आला की भरून काढ. एकदम न्हाय, हळूहळू." तिचा आवाज मला ओळखू येईना. तिच्या अंगातली सगळी धावपळ जणू त्या घड्याळाच्या काट्यात जाऊन बसली होती.

गगनबावड्यात धुकं होतं. घाट उतरायला लागलो तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही दिसेना. मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होते. तिसऱ्या चौथ्या वळणाला गरम झालेल्या ब्रेकचा वास आला आणि पेडल पायाखाली मऊ लागलं.

"आत्ती, ब्रेक धरत नाहीत."

"धरतील. पाय काढ. दुसऱ्यात घाल. इंजिन धरतंय गाडीला."

मी दुसरा गिअर टाकला. गाडीनं गुरगुरत वेग आवरला. पुढच्या वळणाला धुक्यातून एक एसटी वर येत होती. मी कडेला घेतलं, आणि त्या क्षणी नजर चुकून खाली गेली. आत्तीचा उजवा पाय समोरच्या नुसत्या पत्र्यावर दाबलेला होता. जिथून ब्रेक काढला होता, बरोबर तिथं. इतका जोरात दाबलेला की गुडघा थरथरत होता. तोंडानं मात्र ती शांतपणे म्हणत होती, "जाऊ दे तिला. गेली. आता घे. वेळेवर हाईस."

घाट उतरेपर्यंत तिनं तो पाय उचलला नाही.

वैभववाडीला जेवणाचा थांबा होता. मी तोंडावर पाणी मारून परत आले तर आत्ती गाडीत उजवीकडं बसली होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर. बाकीचे लोक पंगतीला होते. समोर रिकामा, सरळ, दोन्ही बाजूंना काजूची झाडं असलेला रस्ता.

"चावी दे," ती म्हणाली.

"आत्ती."

"नुसतं त्या वळणापातूर. जातो आणि येतो. कोण न्हाय रस्त्यावर."

चावी माझ्या मुठीत होती. मला तिला ती द्यावीशी वाटत होती, हे मी खरं सांगते. गाडी तिची होती. तिच्यासाठी ती निपाणीला किती खेपा घालून आली होती. पण त्या वळणापलीकडून कुणी सायकलवरून येत असेल तर ते आम्हा दोघींपैकी कुणालाच दिसलं नसतं, आणि नंतर आत्तीला ते सोसलं नसतं.

"नाही देणार," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं. "एवढ्या बायकांना शिकवलं. एकीची बी मला न्हाय म्हणायची टाप न्हवती."

मी चावी पर्समध्ये टाकली. तिनं स्टीअरिंगवरून एकेक हात काढला. मग दार उघडून उतरली, बॉनेटवर एक हात ठेवत गाडीला पुढून वळसा घातला आणि डावीकडं येऊन बसली. पट्टा लावला. जेवली नाही. फोंडा घाटाच्या पायथ्यापर्यंत ती माझ्याशी फक्त आकड्यांत बोलली.

घाट चढायला लागल्यावर इंजिनाचा सूर लागला. दत्तूमिस्त्रीनं जीव ओतला होता त्यात. ऊन पडलं होतं, झाडी मागं पडत होती, आणि मी पहिल्यांदाच न घाबरता वळणं घेत होते. दाजीपूरच्या अलीकडं ती एकदम म्हणाली, "गिअर असा टाकायला तुला कुणी शिकवलं?"

"तूच."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली.

आम्ही कोल्हापुरात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. आमच्या गटात आम्ही मधेच कुठंतरी आलो. ऊसवाल्यांनी आमचे गुण खाल्ले होते. पण घाट उतरण्याच्या त्या तुकड्यात सगळ्यांत कमी दंड आमच्या निळ्या पद्मिनीला होता. माइकवरच्या माणसानं ते दोनदा वाचलं. मी आत्तीला शोधलं, तर ती बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये डोकावत होती. कुणी विचारलं, "आत्ती, कशी झाली?" म्हणाली, "बसून बसून पाठ धरली."

त्यानंतर दोन पावसाळे ती राजारामपुरीत होती. मग मामांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि बंगळूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं दोघांनाही कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. आत्तीला जायचं नव्हतं, पण मामांना जिना चढवत नव्हता. निघायच्या सकाळी तिनं पद्मिनी स्वतः पुसली. फडकं समोर नीट फिरत होतं, पण कडा राहून जात होत्या, दाराच्या खालची पट्टी, मागच्या दिव्याचा कोपरा. ती गेल्यावरही ते कोपरे मी बरेच दिवस तसेच ठेवले.

बंगळूरच्या त्या मोठ्या इमारतीत ती रोज आवारात फेऱ्या मारते, असं मामा फोनवर सांगतात. तिथल्या सगळ्या वॉचमनशी तिची ओळख झाली आहे. शेजारच्या घरातली नवी सून गाडी शिकतेय आणि आत्ती बाहेर उभी राहून तिला कन्नडात ओरडते म्हणे.

या हिवाळ्यात मी पद्मिनीचं नाव पुन्हा रॅलीत दिलं. शेजारी या वेळी शाहूपुरीच्या स्कूलवाल्या बाई होत्या. मैदानावर ओळीत उभी असताना फोन वाजला.

"सुरू केलीस?" आत्ती.

"केलीय."

"बॉनेट उघड. फोन आत धर."

मी उतरले, बॉनेट उघडलं आणि चालू इंजिनावर फोन धरला. आजूबाजूचे लोक बघत होते. जरा वेळानं कानाला लावला तर ती म्हणाली, "एक व्हॉल्व्ह वाजतोय. थंडीत वाजतोय तो. कळ्याच्या म्होरं गेलीस की गप बसंल."

"बरं. ठेवू?"

मी बॉनेट मिटायला हात वर केला.

"अजून थोडा वेळ धर," ती म्हणाली.

माइकवर आमचा नंबर पुकारत होते. मी फोन पुन्हा इंजिनापाशी धरला आणि तशीच उभी राहिले.